मेंदूच्या दुखापतीनंतर निवासी पुनर्वसन केंद्र : सात-आठ महिन्यांचा अनुभव

हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळताना फिजिओथेरपीबद्दल सगळे सांगतात, त्याच्या पुढचं कुणी सांगत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय. माझा धाकटा भाऊ पुण्यातल्या एका निवासी केंद्रात सात-आठ महिने राहिला आणि दिवाळीपासून घरी आहे. केंद्राचं नाव देत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत, आणि तिथली दोन-तीन माणसं इतकी चांगली आहेत की त्यांना त्या तक्रारींत ओढायचं जिवावर येतं.

आधी केस थोडक्यात. वय ४७, सरकारी खात्यात लेखा विभागात नोकरी. पावसात दुचाकी घसरली, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. दाखल केलं तेव्हा जीसीएस, म्हणजे माणूस किती शुद्धीत आहे ते मोजणारा आकडा, ७ होता. ही मोजपट्टी ३ ते १५ अशी असते आणि ८ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर. कपाळामागच्या भागात रक्तस्राव, वर सूज. कवटीचा तुकडा काढून पोटाच्या कातडीखाली जपून ठेवला आणि काही महिन्यांनी परत बसवला. चालणं, बोलणं, जेवणं तसं लवकर आलं. भेटायला येणारे म्हणायचे, "चला, देवाची कृपा, बरा झाला."

बरा म्हणजे काय, तर सकाळी पलंगावर बसला की बसलेलाच. ब्रशला पेस्ट लावून हातात दिला तर दात घासणार, नाही दिला तर दुपारपर्यंत तसाच. चक्रवाढ व्याज तोंडी काढून दाखवायचा, पण दोनशे रुपये देऊन मंडईत पाठवलं तर पहिल्याच गाळ्यासमोर उभा राहायचा, काय घ्यायचं ते ठरेना. आईला वाटायचं आळस भरलाय. भावजयीला वाटायचं मुद्दाम करतो. त्याला स्वतःला वाटायचं आपल्याला काहीच झालेलं नाही, आणि ते सोंग नव्हतं. मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसला की आपल्यात काय कमी झालंय हे ओळखण्याची शक्तीच अनेकदा जाते. "उद्यापासून ऑफिसला जातो, गाडीची किल्ली दे" हे रोजचं. किल्लीवरून एकदा दाराची काच फुटली, तेव्हा आम्ही केंद्र शोधायला लागलो.

शोधताना पहिला गोंधळ असा की इंटरनेटवर ‘रिहॅब’ टाकलं की निम्मी व्यसनमुक्ती केंद्रं येतात. एकाने तर फोनवर सांगितलं, "आणा की, आमच्याकडे सगळेच सुधारतात." दुसरा प्रकार म्हणजे पाटीवर पुनर्वसन आणि आत अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचं शुश्रूषागृह. तिसरी, हॉस्पिटलला जोडलेली खरी न्यूरो-रिहॅब केंद्रं. छताला टांगलेला पट्टा, चालवणारं यंत्र, उत्तम फिजिओ. ज्यांचा हातपाय चालत नाही त्यांनी तिथेच जावं. आमचा भाऊ मात्र जिना धावत चढत होता. त्याचं अडलं होतं ते दिवस सुरू कसा करायचा इथे.

म्हणून माझा पहिला सल्ला: केंद्र बघायला गेलात की ते तुम्हाला जिम दाखवतील, तुम्ही स्वयंपाकघर दाखवा म्हणा. तिथे रुग्ण स्वतः स्वयंपाक करतात की डबे येतात, कपडे कोण धुतं, दुकानात कोण जातं, हे विचारा. आम्ही निवडलेल्या केंद्रात यंत्रं जुनाट होती, पण चार-पाच जणांमागे एक ओटा, गॅस आणि धान्याचे डबे होते. निवड चुकली नाही असं आजही वाटतं.

तिथे नक्की काय चालतं ते एका प्रसंगावरून सांगते. भेटीच्या दिवशी भाऊ कांदेपोहे करत होता. ओट्यासमोर भिंतीवर पायऱ्यांची कार्डं, फोटोसकट. तेल तापलं, मोहरी घातली आणि तो पुढचं कार्ड वाचत उभा राहिला. मोहरी तडतडून काळी पडली, धूर वर चढायला लागला, मला दारापर्यंत वास आला. हा तसाच कार्डाकडे बघत. ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा शिकवणारी), पंचविशीतली मुलगी, हात मागे बांधून त्याच्या शेजारी उभी. मी पुढे झाले तर तिने नजरेनेच थांबवलं. मग शांतपणे म्हणाली, "दादा, कढईत बघा. काय दिसतंय?" त्याने बघितलं, गॅस बंद केला आणि म्हणाला, "जळली की. पण वास कसा आला नाही?"

अपघातानंतर त्याची वासाची जाणीव गेलीय हे आम्हाला इतक्या महिन्यांत कळलंच नव्हतं. नाकाच्या वर कवटीच्या तळाला अगदी बारीक मज्जातंतू असतात, डोकं जोरात हादरलं की ते तुटू शकतात. जेवण बेचव लागतं म्हणून तो आईच्या हातच्या आमटीला नावं ठेवायचा, आणि आई रडायची. गॅस गळाला तरी त्याला कळणार नाही, हे त्या जळलेल्या फोडणीने सांगितलं. पुढच्या आठवड्यात कार्डांमध्ये एक नवीन कार्ड आलं: ‘मोहरी तडतडली की गॅस बारीक’. घरी आम्ही गॅस डिटेक्टर बसवला, आणि तो एकटा असताना फक्त आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी.

मला वाटलं, यांची पद्धत म्हणजे माणसाला चुकू द्यायचं. पण गोळ्यांच्या बाबतीत तीच मुलगी एकदम उलट वागायची. सकाळ-संध्याकाळचे कप्पे असलेल्या डबीतून गोळी घेताना तिने त्याला एकदाही अंदाज करू दिला नाही. आधी दाखवायची, मग बरोबर करून घ्यायची, मग हळूहळू सूचना कमी करायची. बसने एकटं जायला शिकवतानाही तसंच. तिने कारण सांगितलं ते डोक्यात पक्कं बसलं: ज्याची नवी आठवण टिकत नाही, त्याला आपण चुकलो होतो हे आठवत नाही, पण चुकीची कृती मात्र अंगवळणी पडते. म्हणून रस्ता, गोळ्या, फोनचा गजर अशा रोज तशाच करायच्या गोष्टी चूक होऊच न देता शिकवायच्या. आणि जिथे स्वतःची उणीव त्याच्या ध्यानात यायला हवी, तिथे सुरक्षित चूक होऊ द्यायची. केंद्राच्या माहितीपत्रकातली ‘जागतिक दर्जाची’ वगैरे भाषा एका बाजूला आणि हे एवढं एका बाजूला.

पैशांचंही हळूहळू बसवलं. वेगळं बचत खातं, त्यात आठवड्यापुरती रक्कम, यूपीआयची मर्यादा अगदी कमी. लेखा विभागातला माणूस म्हणून वही त्यानेच आखली. खर्च लिहितो, जमाखर्च जुळवतो, पण जाहिरात बघून काहीही मागवायची खुमखुमी अजून आहे.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी म्हणजे अटेंडंट. थेरपिस्ट सकाळी तासभर घालवून अंघोळीचे कपडे त्याचे त्यालाच शोधून घ्यायला लावणार, आणि संध्याकाळचा अटेंडंट घाई आहे म्हणून सगळं हातात आणून देणार. बिचाऱ्यांना कुणी शिकवलेलंच नसतं, पगार तुटपुंजा, माणसं सारखी बदलतात. म्हणजे दिवसा विणायचं आणि रात्री उसवायचं. शनिवार-रविवार तर टीव्हीच. महिन्याला लाखाच्या वर घेणाऱ्या जागेत रविवारी एकही थेरपिस्ट नसावा, हे पटत नाही. प्रवेश घेताना ‘थेरपी किती तास’ विचारतात सगळे. उरलेल्या वेळी कोण असतं, ते विचारा.

दुसरं, चाचण्या. स्मरणशक्तीच्या पहिल्या तपासणीत शब्दांची यादी इंग्रजी, सूचना हिंदीत. मराठी माध्यमात शिकलेल्या, आयुष्यभर मराठीत फायली लिहिलेल्या माणसाचे गुण कमी आले आणि ते रिपोर्टवर बसले. आम्ही भांडल्यावर मराठीतून पुन्हा घेतल्या, चित्र बऱ्यापैकी बदललं. मासिक अहवालात तर दोन महिने एकच परिच्छेद होता, एका ठिकाणी भावाचा उल्लेख इंग्रजीत ‘शी’, म्हणजे ‘ती’, असा.

चिडचिडीबद्दल एक महत्त्वाचं. सुरुवातीला सगळं खापर दुखापतीवर फुटत होतं. त्याला फेफरं येऊन गेल्यामुळे लेव्हेटिरासेटाम चालू होतं. या औषधाने काहींना चिडचिड आणि राग वाढतो, हे केंद्रातल्या मानसशास्त्रज्ञांनी लक्षात आणून दिलं. न्यूरॉलॉजिस्टनी औषध बदललं आणि काही आठवड्यांत घरी फोनवर बोलतानाचा त्याचा सूर बदलला. आपल्या मनाने गोळी बंद करू नका, झटके परत येतात. पण डॉक्टरांना विचारा नक्की.

गाडीच्या किल्लीचा वादही अनपेक्षितपणे मिटला. लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये फेफरं किंवा अचानक शुद्ध हरपणं आहे का, हा प्रश्नच आहे. केंद्रातल्या सोशल वर्करने तो फॉर्म त्याच्यापुढे ठेवला. आमचं कुणाचं ऐकत नव्हता, छापील फॉर्मचं ऐकलं. लेखा विभागाचे संस्कार.

खर्चाबद्दल स्पष्ट सांगते: मेडिक्लेमची आशा धरू नका. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या अपवादांमध्ये कोड एक्सक्ल ०५ (कागदांत Excl05) आहे: विश्रांतीसाठीचा मुक्काम, पुनर्वसन आणि तात्पुरती शुश्रूषा. पॉलिसीच्या कागदांत शोधा, सापडेल. आमच्या कंपनीने हॉस्पिटलचं बिल दिलं आणि केंद्राचा दावा याच ओळीवर परत पाठवला. अपघात दुसऱ्या वाहनामुळे झाला असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात पुनर्वसनाचा खर्चही मागता येतो, म्हणून पावत्या पहिल्या दिवसापासून जपा. आमचा भाऊ स्वतःच घसरला होता, त्यामुळे तेही दार बंद. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक उपचार व पुनर्वसन संस्था आहे, तिथे चौकशी करावी. १९५५ पासूनची आहे.

नोकरीचं मात्र वाचलं, आणि ते केंद्रामुळेच. ऑफिसातून ‘स्वेच्छानिवृत्ती घेतली तर बरं’ असे निरोप यायला लागले होते, भावजय सहीच करणार होती. सोशल वर्करने थांबवलं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढून टाकता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, तेही नसेल तर जास्तीच्या पदावर ठेवायचं. हे कलम पत्रात लिहून दिल्यावर निरोप बंद झाले. अडचण दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची आली. भाऊ धडधाकट दिसतो, टेबलापलीकडचा माणूस वर-खाली बघतो आणि विचारतो, "यांना काय झालंय?" स्मृती आणि नियोजनाच्या चाचण्यांचे सविस्तर अहवाल बरोबर नेल्याशिवाय जाऊ नका.

घरी परतणं हा भाग सगळ्यात कमी तयारीचा होता. केंद्रात सहज पोहे करणारा माणूस घरच्या ओट्यापुढे पुन्हा थिजला, कारण डबे वेगळे, ओटा वेगळा. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपसूक जात नाही. थेरपिस्टने घरी यायला हवं, आणि तेही डिस्चार्जच्या आधी. आमच्याकडे ती नंतर आली, वेगळी फी घेऊन. आली आणि डब्यांवर फोटो लावले, फळा लावला, दुपारची सक्तीची झोप ठेवली. थकला की त्याचं सगळं शिकलेलं विस्कटतं, त्यामुळे ती झोप औषधासारखी धरायची. सगळ्यात कठीण काम आईला शिकवायचं होतं. ती अजूनही ब्रशला पेस्ट लावून ठेवते. तो आता म्हणतो, "आई, राहू दे, फळ्यावर लिहिलंय माझ्या नावावर."

कुणी जाऊ नये? ज्यांची कवटी अजून उघडी आहे, झटके आटोक्यात नाहीत किंवा जे अजून पूर्ण भानावर नाहीत, त्यांनी हॉस्पिटलजवळच राहावं. ज्यांच्या घरातलं एकही माणूस आठवड्यातून एकदा केंद्रात जाऊन शिकू शकत नाही, त्यांनीही दोनदा विचार करावा, कारण शिकायचं अर्धं आपल्यालाच असतं.

सध्या तो सकाळी एकटा बसने वाचनालयात जाऊन येतो, ठरलेल्या थांब्यावरून मेसेज करतो. आवक-जावकच्या टेबलावर अर्धवेळ रुजू करून घ्यायची तयारी ऑफिसने दाखवली आहे. थेरपिस्टने तिथे एक दिवस बसून काम बघावं अशी विनंती आम्ही केलीय. केंद्र म्हणतं ऑफिसचं लेखी पत्र आणा, ऑफिस म्हणतं केंद्राचं आणा. सोमवारी दोन्हीकडे जाणार आहे.