मोफत डीएनएस सेवा, दिवाळीपासून वापरतोय: लातूरच्या डाळमिलमधला अनुभव

आमच्या मिलची वेबसाइट एकाकडे, ईमेल दुसऱ्याकडे. तरी होस्टिंगवाल्याचा सर्व्हर बसला की मेलही यायचा थांबायचा. तुरीच्या हंगामात चेन्नईचा व्यापारी फोनवर, "शेठ, ऑर्डर मेल केली की सकाळीच!" इकडे इनबॉक्स कोरडा. मेलवाले म्हणायचे, आमचं सगळं चालू आहे. आणि ते खरंच होतं.

डीएनएस म्हणजे डोमेनच्या (इंटरनेटवरच्या नावाच्या) मागचा पत्ता सांगणारी यंत्रणा. खोट तिच्या नेमसर्व्हरमध्ये, म्हणजे उत्तर देणाऱ्या मशीनमध्ये होती. एनएस१ आणि एनएस२ अशी नावं दोन, पण दोन्हींचा आयपी (मशीनचा आकडी पत्ता) एकच, म्हणजे त्याच होस्टिंगचं मशीन. लातूरच्या गंजगोलाई बाजारातून सोळा रस्ते फुटतात, तशा डोमेनच्या एका नावातून वेगवेगळ्या वाटा निघतात: ब्राउझर ए रेकॉर्ड (वेबसाइटचा पत्ता) विचारतो, मेल पाठवणारा सर्व्हर एमएक्स (मेल कुठं द्यायचा तो पत्ता). पण उत्तर देणारा दोघांना एकच. तोच गप्प झाल्यावर मेलनं जायचं कुठं? पाठवणाऱ्याच्या रांगेत तासन्तास लटकायचा.

म्हणून दिवाळीत डीएनएस एका मोफत सेवेवर नेलं. रजिस्ट्रारच्या (ज्याच्याकडून डोमेन घेतलं त्याच्या) पॅनलमध्ये फक्त नेमसर्व्हरची नावं बदलायची. डोमेन ट्रान्सफर करावं लागत नाही, हे सांगूनही शेठना पटत नव्हतं. जुनं उत्तर कॅशमध्ये (इतर सर्व्हरच्या तात्पुरत्या साठ्यात) एक-दोन दिवस राहू शकतं, तेवढे दिवस जुन्या नेमसर्व्हरवरचे रेकॉर्ड पुसू नका.

नव्या सेवेनं जुने रेकॉर्ड आपोआप उचलले, पण डीकेआयएमचा (मेलवरच्या डिजिटल सहीचा) नाही उचलला. मी यादी आधीच उतरवून ठेवली होती, त्यामुळं लगेच दिसलं. हे हलकं घेऊ नका: फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला पाठवणाऱ्याचं एसपीएफ (आपल्या नावानं कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) किंवा डीकेआयएम लागतं, नाहीतर कोटेशन स्पॅममध्ये. दुसरं, वेबसाइटसाठीची प्रॉक्सी (मध्ये बसणारा सर्व्हर) मेल सर्व्हरच्या नावावर लावू नका, आउटलुक जोडलंच जात नाही.

खरी परीक्षा उन्हाळ्यात, होस्टिंग बदलताना झाली. ए रेकॉर्डचा टीटीएल (उत्तर किती वेळ साठवून ठेवायचं तो वेळ) ८६४०० सेकंद, म्हणजे अख्खा दिवस होता. तो दोन दिवस आधी ३०० वर आणला. आयपी बदलला आणि चहा येईपर्यंत नवी साइट दिसायला लागली. मेल जागचा हललाही नाही; मुनीमजींना तर अजून ठाऊक नाही काही बदललंय ते.

तक्रार एकच, मोफत प्लॅनवर फोन उचलणारा माणूस नाही. आणि डोमेनचं नूतनीकरण रजिस्ट्रारकडंच राहतं. त्याची आठवण त्याच डोमेनच्या पत्त्यावर येत होती. मुदत संपली तर तो पत्ताच बंद! तिथं आता शेठचं जीमेल टाकलंय.