लोकरीचे ड्रायर बॉल: टॉवेलला झकास, स्टॅटिकला अर्धेमुर्धे

ड्रायरमधून काढलेला टी-शर्ट झटकला की चट्‌चट्‌ आवाज येतो, मोजे बाहीला डकवल्यासारखे निघतात, जॉर्जेटची साडी चालताना पायांत गुंडाळते. यावर 'केमिकल नको' म्हणणाऱ्यांना हमखास सुचवले जातात ते ड्रायरमध्ये कपड्यांबरोबर टाकायचे लोकरीचे ड्रायर बॉल. खोक्यात सहा पांढरे गोळे, एक सुती पिशवी आणि वर तीन दावे: कपडे लवकर वाळतात, मऊ राहतात, स्टॅटिक (घासून कपड्यांवर साचणारा विजेचा भार) जातं. पहिले दोन बऱ्यापैकी खरे. तिसरा जितक्या ठळक अक्षरांत छापतात तितका खरा नाही, आणि खोट लोकरीतच आहे.

दोन वेगळ्या जातीचे धागे एकमेकांना घासून सुटे झाले की एकाचे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. लोकर आणि नायलॉन ते सहज सोडतात, पॉलिएस्टर ते ओढून घेतं, सुती कापड मधोमध. म्हणजे पॉलिएस्टरच्या कपड्यांत कोरडी लोकर घोळवणं हा भार घालवण्याचा नव्हे, भार तयार करण्याचा उद्योग. लोकरीची लाज राखते ती तिची ओल. नेहमीच्या दमट हवेत लोकर आपल्या वजनाच्या १३ ते १६ टक्के पाणी धरून ठेवते, सुती कापड ७-८ टक्के, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. ओल आहे तोवर भार साचत नाही, वाहून जातो. ड्रायरच्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत सगळी ओल उडाली, की गोळेही कोरडे ठणठणीत आणि कपडेही. मग चट्‌चट्‌ सुरू.

या गोळ्यांची तोंडभरून स्तुती बहुतेक टॉवेल-चादरींच्या घाण्यावर होते. नुसते सुती कपडे जरा दमट असतानाच काढले तर स्टॅटिक मुळात होतच नाही. श्रेय मात्र गोळ्यांना.

तरीही ते घ्यावेत का? टॉवेल वाळवत असाल तर जरूर. गोळे कपड्यांच्या गुंडाळ्या होऊ देत नाहीत, मधून गरम हवा खेळते, टॉवेल फुलतात. ड्रायर शीटवर (कपड्यांबरोबर ड्रायरमध्ये टाकायच्या पातळ तुकड्यावर) मेणचट थर असतो, तो स्टॅटिक खात्रीनं घालवतो पण टॉवेलचं पाणी टिपणं कमी करतो. गोळ्यांचा तसा काही त्रास नाही.

घेताना खोक्यावरच्या मेंढीच्या चित्रापेक्षा वजन बघा. सात सेंटीमीटर व्यासाचा, आतपर्यंत नीट घट्ट झालेला गोळा साधारण ३५ ते ४० ग्रॅम भरतो. हातात अगदी हलका लागला किंवा बोटानं दाबल्यावर खोल दबला, तर आत पॉलिएस्टरचा कापूस आणि वरून लोकरीची साल असण्याचा संभव आहे. खात्री करायची तर पृष्ठभागावरून दोन-चार तंतू उपटा, चिमट्यात धरून काडीनं पेटवा. लोकर जळक्या केसांसारखी वास मारते आणि राख बोटांत चुरते, पॉलिएस्टर वितळून टणक मणी होतो. काट्यांचे प्लॅस्टिक बॉल स्टॅटिकसाठी घेऊच नका, त्यांत ओल धरायला काहीच नाही, नुसता खडखडाट. घोंगडीच्या सुताचे घरी गोळे करायची कल्पना छान वाटते, पण ती लोकर राठ आणि बहुतेक काळी असते. पांढऱ्या शर्टावर तिचे केस वेचत बसावं लागेल.

आता वापर. अर्ध्या ड्रमला तीन, भरलेल्या ड्रमला सहा. आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या वॉशर-ड्रायरमध्ये एक भानगड असते: आठ किलो धुणारं मशीन एका वेळी साधारण पाचच किलो वाळवतं. धुणं आणि वाळवणं एका दमात लावलं तर गोळे भिजून जड होतात आणि ड्रम ठासलेला असल्यामुळे त्यांना हलायला जागाच उरत नाही. धुणं संपलं की थांबवा, पॉलिएस्टर, नायलॉन, लेगिंग्ज, खेळाचे टी-शर्ट बाहेर काढून दांडीवर टाका (लोंबकळत वाळणाऱ्या कपड्याला घासायला कुणी नसतं, त्यामुळे स्टॅटिकही जवळपास नसतं), मग गोळे घालून फक्त सुती कपडे वाळवा. मशीनला इस्त्रीपुरती ओल ठेवणारा पर्याय असेल तर तोच लावा.

मिश्र कपडे वाळवावेच लागत असतील, जसं कॅनडा-अमेरिकेतल्या हिवाळ्यात लागतात, तर शेवटची दहा मिनिटं उरली की मशीन थांबवून दोन गोळ्यांवर स्प्रेच्या बाटलीनं पाणी मारा. गोळा ओलसर लागावा, पाणी टपकू नये. गोळे नसतील तर घट्ट पिळलेला सुती नॅपकिन टाका, काम तेच होतं. खरं तर स्टॅटिकपुरतं बोलायचं तर हा फुकटचा नॅपकिन कोरड्या गोळ्यांना हरवतो. मशीन थांबल्यावर कपडे आत पडू देऊ नका, लगेच एकेक झटकून काढा.

गोळ्यांवर सुगंधी तेलाचे थेंब टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका. तेल आणि ड्रायरची उष्णता एकत्र म्हणजे आगीला आमंत्रण.

निगा फारशी नाही. वरून लव सुटून पृष्ठभाग गुळगुळीत झाला, की एकदा गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात ते दमट राहून कुबट वास धरतात, आणि बंद कपाटात नुसते पडले तर कसर लागते. डांबरगोळी ठेवू नका, पुढच्या सगळ्या कपड्यांना तोच वास.

इतर 'नैसर्गिक' उपायांपैकी व्हिनेगरला गोळ्यांच्या एक पायरी खाली ठेवावं. शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यात, म्हणजे सॉफ्टनरच्या कप्प्यातून, १०० मिली पांढरं व्हिनेगर टाकतात. ते साबणाचा उरलेला क्षार मारतं, कपडा कडक राहत नाही. पण बोअरच्या पाण्याचा हिशेब करून बघा. आपल्याकडच्या बाटलीत साधारण ४ टक्के आम्ल असतं, म्हणजे १०० मिलीत ४ ग्रॅम. पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल मारून टाकायची पाण्याची ताकद) लिटरला २०० मिलिग्रॅम असेल, तर १५ लिटर पाणीच ते जवळपास सगळं गिळून टाकतं आणि साबणापर्यंत काही पोचत नाही. दुप्पट टाकावं तर दाराच्या रबराला रोज आंबट पाणी. पालिकेच्या मऊ पाण्यावर ते चालतं, तेही आठवड्यातून एखाद वेळी. ब्लीच त्याच धुण्यात कधीही नको, क्लोरीन वायू सुटतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकणं तर शुद्ध उधळपट्टी: दोघं एकमेकांना मारतात, फेस छान येतो, बाकी काही नाही. रिठ्यानं रेशीम आणि लोकर सुरेख निघते, स्टॅटिकशी त्याचा काही संबंध नाही. अॅल्युमिनियमच्या फॉइलचा गोळा चार घाण्यांत फाटतो आणि त्याच्या कडा नाजूक कापड ओढतात.

साडीसाठी यातलं काहीच विकत घेऊ नका. पुण्या-नागपुरात थंडीपासून होळीपर्यंत दुपारची हवा इतकी कोरडी असते, की ड्रायर न वापरताही जॉर्जेट अंगाला चिकटते. बहुतेकदा दोष आतल्या पॉलिएस्टरच्या परकराचा किंवा शेपवेअरचा (परकराऐवजी घालायच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्याचा) असतो. त्याऐवजी सुती परकर घाला, निम्मं दुखणं तिथेच संपतं. शेपवेअरच हवं असेल तर पायांना आधी मॉइश्चरायझर लावून ते पूर्ण मुरू द्या. शेपवेअरच्या खालच्या शिवणीत आतल्या बाजूनं एक साधी स्टीलची सेफ्टी पिन अडकवा, तिच्या टोकातून थोडा भार हवेत निसटतो. साडीला मात्र ही पिन लावू नका, जॉर्जेटला भोक पडलं की बुजत नाही. आणि ऐन निघायच्या वेळी निऱ्या पायांत गोळा झाल्या, तर तळहात ओले करून जवळजवळ कोरडे पुसा आणि साडीच्या आतून, परकरावरून वरपासून खाली एकदा फिरवा. पाण्याचा डाग पडत नाही आणि निऱ्या लगेच सुटतात. कोरड्या हवेत हा उपाय तासा-दोन तासांनी पुन्हा करावा लागतो.