रिटुक्सिमॅब निम्म्या किमतीत देणारा भेटला तर आधी हे वाचा

आईला पेम्फिगस आहे, तोंडात आणि कातडीवर फोड येणारा आजार. सुरुवातीला फक्त तोंडात फोड होते, चार महिने आम्ही तोंड आलंय म्हणून जाईचा पाला नि बी कॉम्प्लेक्सवर काढले, भाजीतलं तिखट लागलं तरी तिच्या डोळ्यात पाणी यायचं. मग पाठीवर फोड, बायोप्सी, सगळं. आपल्याच अँटिबॉडीज कातडीच्या पेशींना चिकटवून ठेवणाऱ्या प्रोटीनवर उठतात, म्हणून नुसता टॉवेल घासला तरी कातडी सुटते. स्टिरॉइडने शुगर 300 वर गेली तेव्हा डॉक्टरांनी रिटुक्सिमॅब सांगितलं, या अँटिबॉडीज कमी करणारं, शिरेतून द्यायचं औषध. 1 ग्रॅम आणि पंधरा दिवसांनी परत 1 ग्रॅम, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या चार व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या).

किंमत ऐकून मी गारच पडले आणि तिथेच चुकले. व्हॉट्सअॅपवर कुणीतरी नंबर दिला, "ताई, आमच्या बाबांच्या दोन उरल्यात, फुकट जाण्यापेक्षा तुमच्या आईला लागतील", इतका गोड बोलला की मी बिलच मागितलं नाही. 22 हजार जीपे केले, ठाणे स्टेशनबाहेर गावदेवीच्या बाजूला एका पोराने थर्माकोलचा डबा हातात दिला. आतला जेल पॅक पार वितळलेला, कोमट. हे औषध 2 ते 8 डिग्रीत ठेवावं लागतं हे मला माहीत होतं हो, तरी पोरगा म्हणाला ट्रॅफिक होतं ताई आणि मी मान डोलावली!

हॉस्पिटलच्या डे केअरला आईच्या हाताला सुई लावून झाली होती. सिस्टरने खोका उलटा करून बघितला, मग व्हायल उजेडात धरली, खोक्यावरचा बॅच नंबर वेगळा, बाटलीवरचा वेगळा, एक्स्पायरी तर कशानेतरी पुसलेली. डॉक्टरांनी साफ नकार दिला, सुई काढली आणि आम्ही रिक्षाने घरी. तोवर त्याचा फोन बंद.

सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार केलीय, एफडीएलाही (अन्न व औषध प्रशासन) लेखी दिलंय. चिडून त्या व्हायल कचऱ्यात टाकणार होते, नवऱ्याने अडवलं म्हणून बरं, पुरावा तोच तर होता. आणि या औषधाची बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली तशीच औषधं, भारतात 2007 पासून मिळतात, ओरिजिनलपेक्षा बरीच स्वस्त, हे मी आधी डॉक्टरांना विचारलंच नाही, लाज वाटली पैशाचं बोलायला. नंतर तीच घेतली, केमिस्टकडून, बिलावर बॅच नंबर लिहून, आइस बॉक्समधून थेट डे केअरला.

पैसे काही आले नाहीत अजून. आईला सांगितलंय, त्या दिवशी स्टॉक संपला होता.