मोठा दौरा, मंगळवारची पहाट की ऑर्डरला चिकटवलेला दिवस?

लग्नाच्या फोटोग्राफीवर घर चालवणाऱ्याला स्वतःचे फोटो काढायला वेळ मिळत नाही, ही आमच्या धंद्यातली जुनीच रड आहे. पण आपला वेळ नेमका खातं कोण, ते आधी बघा. शूटिंग नाही खात. मेंदी, हळद, लग्न मिळून तीन दिवसांत कार्यक्रम आटोपतो. त्यानंतर हार्ड डिस्कवर साडेचार हजार फ्रेम पडलेल्या असतात. सिलेक्शन, कलर, अल्बमचं डिझाइन, आणि सगळं झाल्यावर पार्टीचा फोन: "आमच्या आत्याचा एकही सिंगल नाही हो!" वेळ जातो तो लॅपटॉपपुढे. त्यामुळे स्वतःच्या फोटोंसाठी कुठली वाट धरायची हे ठरवताना कॅलेंडरइतकाच तुंबलेल्या अल्बमांचाही हिशोब करा.

मी पुण्यात राहतो, एक असिस्टंट आहे, एडिटिंग बरंचसं माझं मीच करतो. तीन वाटा आलटून पालटून चालून पाहिल्या.

पहिली वाट : वर्षातून एक मोठा दौरा

आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, तो कार्तिकीला सुटतो आणि तुळशीच्या लग्नानंतर आपली लग्नं सुरू होतात. म्हणजे चार महिने रान मोकळं, असं वाटतं. तसं ते नसतं. एक तर हल्ली या चार महिन्यांतही 'काढीव मुहूर्त' निघतात. दुसरं, मे-जूनचे अल्बम ऑगस्टपर्यंत चालतात. मी एकदा नऊ अल्बम बाकी ठेवून दहा दिवस हिमाचलातल्या स्पीतीला गेलो होतो. रेंज मिळाली की आधी मेसेज यायचे ते पार्ट्यांचे. फोटो चांगले आले, पण कड्यावरचा तोच 'की' गावचा मठ, तेच काझातले निळे दरवाजे. दहा दिवसांत त्या मुलखाची माझी नुसती तोंडओळख झाली, आणि फोटोतही तेवढीच उतरली.

मोठा दौरा करायचाच असेल तर पंचांग घेऊन बसा. पौषात लग्नं फारशी होत नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं. गुरू किंवा शुक्राचा अस्त असला की मुहूर्त विरळ होतात, आणि अधिक महिना तर कोराच. पण तो कुठे पडतो, त्यावर सगळं आहे. २०२३चा अधिक श्रावण चातुर्मासातच आला. आधीच रिकाम्या काळात आणखी एक रिकामा महिना. पोटाला चिमटा तेवढा बसला. २०२६चा अधिक ज्येष्ठ मात्र १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन लग्नसराईत. भंडारदऱ्याकडे काजवे चमकतात ते याच दिवसांत, पाऊस धरायच्या आधी. एरवी लग्नाच्या फोटोग्राफरला काजवे दिसतात ते दुसऱ्याच्या स्टेटसवर. अशी गाठ पडली की दौऱ्याचं सार्थक होतं.

घरच्यांचा मुद्दाही असतो. मे महिन्यात मुलांना सुट्टी आणि आपण मांडवात. दिवाळीत आपण मोकळे, पण ती सुट्टी घराची. तिच्यात ट्रायपॉड घुसवायला गेलात तर पुढचं तुमचं तुम्ही निस्तरा.

दुसरी वाट : आठवड्याचा अर्धा दिवस

शनिवार-रविवार ऑर्डरी आणि पार्ट्यांच्या भेटी, सोमवारी बॅकअप, म्हणून मी मंगळवार धरला. पहाटे साडेपाचला बाहेर, साडेदहाला परत लॅपटॉपवर. एक कॅमेरा बॉडी, एक ३५ मिमीची लेन्स. जागा महात्मा फुले मंडई. सुरुवातीचे पाच-सहा मंगळवार अगदी फुकट गेले असं वाटलं. उन्हाची तिरीप, टोपल्या, तराजू, म्हणजे कुणीही पहिल्या दिवशी काढेल ते. सातव्या-आठव्या खेपेला कोथिंबीरवाल्या मावशींनी विचारलं, "आज कुणाचं लग्न हाय?" त्यानंतर कॅमेऱ्याकडे बघून कुणी पदर सावरेना. पावसाळ्यात एकदा मावशी ओल्या जुड्या मांडीवर घेऊन झटकत होत्या, पाण्याचा तुषार उडत होता, मागच्या पिवळ्या दिव्यात तो चमकत होता आणि त्या शेजारणीशी सुनेबद्दल बोलत होत्या. मी दीड हातावर उभा होतो आणि कुणाला माझं सोयरसुतक नव्हतं. अशी फ्रेम मला स्पीतीत मिळाली नसती. तिथे मी पाहुणाच होतो.

याच वाटेने थोडं लांबही जाता येतं. पौषाच्या सुमारास उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी असतात. भिगवण पुण्यापासून शंभरेक किलोमीटर. साडेतीनला निघा, उजाडता उजाडता कुंभारगावच्या होडीत बसा, जेवायला घरी. होडीवाल्याला आधीच सांगून ठेवा की थवा दिसला की इंजिन बंद कर आणि बांबूने ढकल. घाई करणारं गिऱ्हाईक दिसलं की होडीवाला थेट थव्यात होडी घालतो, पक्षी उडतात आणि तुम्हाला पाठमोरे पंख मिळतात.

या वाटेची खोट एकच. हा अर्धा दिवस राखायला कुणी येत नाही. स्पीतीचं तिकीट रद्द करताना पैसे जातात म्हणून हात आखडतो. मंगळवार रद्द करायला काहीच लागत नाही. दाट तिथींच्या आठवड्यांत माझे सलग चार-पाच मंगळवार बुडालेले आहेत.

तिसरी वाट : ऑर्डरला चिकटवलेला दिवस

हिशोबाला ही सगळ्यांत गोड. बाहेरगावची ऑर्डर, प्रवासखर्च पार्टीचा, एक दिवस जास्त थांबायचं. चैत्रात कोल्हापूरला लग्न होतं, दुसऱ्या दिवशी चैत्र पौर्णिमा. मी जोतिबाच्या डोंगरावर गेलो. सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या उंच काठ्या, नाचत होत्या, गुलाल असा उधळला जात होता की हवाच गुलाबी झाली होती. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधली होती, पण लेन्सच्या टोकाशी फट राहिलीच. रात्री लॉजवर झूम रिंग फिरवली तर आतून करकर. ती लेन्स परवा सांगलीच्या हळदीला लागणार होती. शिवाय आदल्या दिवशीच्या लग्नाची मेमरी कार्डं त्याच बॅगेत, बॅकअपविना! मी रात्रभर बॅग उशाशी घेऊन झोपलो, म्हणजे झोपलो नाहीच. हळदीला उसनी लेन्स आणली. जोतिबाचे फोटो बरे आहेत. पण त्या दिवशी मी अर्धा तिथे होतो आणि अर्धा त्या कार्डांपाशी.

ही वाट मी आता फक्त जागा हेरण्यासाठी वापरतो. ऑर्डर संपली की संध्याकाळी मोबाइल घेऊन फिरायचं, ऊन कुठून येतं ते बघायचं आणि परतायचं. थांबायचंच असेल तर कार्डांची एक प्रत असिस्टंटबरोबर आधी घरी पाठवा आणि धंद्याची लेन्स बॅगेतून काढूच नका.

तर तुमचं काय? एडिटिंग बाहेर देत असाल आणि बयाण्यापलीकडे दोन महिन्यांचा घरखर्च गाठीशी असेल, तर मोठा दौरा घ्या, पण एकाच जागी दोन-तीन वर्षं सलग जा. वारी करायची असली तरी पहिल्याच वर्षी आळंदी ते पंढरपूर पूर्ण चालायचा हट्ट नको. पुणे-सासवड हा दिवेघाटाचा एकच टप्पा दरवर्षी करा. तिसऱ्या वर्षी दिंडीतली माणसं ओळखीची होतात आणि पहिल्या वर्षीचे आपलेच फोटो परक्याने काढल्यासारखे वाटतात. सगळं एकहाती करत असाल, किंवा धंद्यात नवे असाल, तर मी मंगळवारच सांगेन, कितीही बुडाले तरी. मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रं काढणारे सुधारक ओलवे तेव्हा वृत्तपत्रांत छायाचित्रकाराची नोकरी करत होते. ज्या शहरात रोजची ड्यूटी, तिथलाच त्यांचा विषय.

मंगळवार टिकवायला मला एक युक्ती सापडली. ऑर्डरच्या डायरीत त्या दिवशी मी 'जगताप – साखरपुडा, सकाळी ६' असं लिहून ठेवतो. कुणी तारीख विचारली की डायरी बघून खऱ्या चेहऱ्याने सांगता येतं, बुक आहे म्हणून. परवा असिस्टंट विचारत होता, जगतापांचं पेमेंट अजून कसं आलं नाही.