गोदावरी-दारणेसाठी काय मागावे: टक्केवारी, हक्क की राखीव पाणी?

नाशिकमध्ये गोदावरी आणि तिची उपनदी दारणा यांच्या किमान प्रवाहासाठी निवेदन तयार करणाऱ्यांनी नेमके काय मागायचे हे आधी ठरवावे, कारण ‘नदी वाहती ठेवा’ एवढ्या वाक्यावर आवर्तनाचे, म्हणजे धरणातून ठरावीक काळाने पाणी सोडण्याचे, वेळापत्रक बदलत नाही.

पहिला नमुना गंगेचा. ऑक्टोबर २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार वरच्या टप्प्यात नोव्हेंबर ते मार्च २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल व मे महिन्यांत २५ टक्के आणि पावसाळ्यात ३० टक्के प्रवाह राखायचा असतो. नियम समजायला सोपा आहे. मात्र बर्फाचे पाणी नसलेल्या दारणेत एप्रिलमध्ये वरून येणारी धारच जवळपास थांबते, आणि शून्याचे २५ टक्के शून्यच राहतात.

दुसरा नमुना अमेरिकेतील ओरेगॉन राज्याचा. तेथे १९८७ च्या कायद्याने प्रवाहालाच पाणीहक्क मिळाला. शेतकरी आपला जुना हक्क नदीसाठी विकू, भाड्याने किंवा दान देऊ शकतो आणि त्याची मूळ तारीख कायम राहते. ज्याचा हक्क आधीचा त्याला पाणी आधी, अशी तिथली रीत असल्याने या तारखेला मोल आहे, आणि म्हणूनच नव्याने मागितलेला हक्क टंचाईत रांगेच्या शेवटी राहतो. आपल्याकडे अशी तारखांची रांग नाही.

तिसरा नमुना मला सर्वांत जवळचा वाटतो. दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या जल कायद्यात माणसाच्या मूलभूत गरजा आणि नदीची परिसंस्था यांचे पाणी आधी राखून मगच उरलेल्याचे वाटप होते. प्रत्येक नदीची गरज अभ्यासून ठरवावी लागते, त्यामुळे हे काम संथ चालते, हा त्याचा खरा तोटा.

महाराष्ट्राच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमात वरच्या-खालच्या धरणांतील समन्यायी वाटप आहे आणि त्यानुसार खालच्या जायकवाडी धरणासाठी पाणी सुटते, तेव्हा गोदावरी दुथडी भरते; पण ते पाणी थोड्या दिवसांत निघून जाते. दारणेतून १९३८ मध्ये नोंदवलेला, आज अतिसंकटग्रस्त मानला जाणारा देवळालीचा चिमुकला मासा खडकाळ, वाहत्या पाण्यातला आहे. आवर्तन थांबून डोह एकमेकांपासून तुटले, दगडांवरचे शेवाळ वाळून पांढरे पडले, की अशा माशाला जायला जागा उरत नाही. म्हणून निवेदनात याच अधिनियमात दुरुस्ती करून नदीचा वाटा वाटपाआधी राखून ठेवण्याची आणि दारणा व गंगापूर धरणांखाली तो महिनावार क्युसेकमध्ये लिहिण्याची मागणी करावी.