जुन्या गाडीला ऑक्सिजन सेन्सर: कनेक्टरवाला, युनिव्हर्सल की भंगारातला?

चेक इंजिनचा दिवा पेटला आणि ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजून पेट्रोलचं प्रमाण ठरवायला मदत करणारा) गेलाय हे नक्की झालं, की बेळगाव-निपाणीकडच्या गाडीवाल्यापुढे तीन वाटा असतात. तुमच्या मॉडेलचा, मूळ कनेक्टरसकट येणारा सेन्सर. चार मोकळ्या वायरींचा युनिव्हर्सल. नाहीतर भंगारातल्या गाडीचा काढलेला. माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी खानापूर, जांबोटी, कणकुंबी अशा पावसाच्या भागात फिरत असेल तर कनेक्टरवालाच घ्या. अथणीकडच्या कोरड्या रस्त्यांवर युनिव्हर्सलही चालेल, फक्त वायरी जोडणारा माणूस पारखून घ्या. भंगारातल्याच्या वाटेला जाऊ नका.

युनिव्हर्सल म्हणजे हलका माल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बॉश, डेन्सो, एनटीके या नावाजलेल्या कंपन्या दोन्ही प्रकार बनवतात. सगळा फरक जोडाचा. नेहमीचा झिर्कोनियाचा सेन्सर धुरातला ऑक्सिजन आणि बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन यांची तुलना करतो आणि त्यावरून साधारण 0.1 ते 0.9 व्होल्ट काढतो. बऱ्याच सेन्सरांत ही बाहेरची हवा वायरीच्या आतल्या बारीक तारांमधून आत पोचते. म्हणून इथे सोल्डर मारलं की हवेची वाट बंद. क्रिंप करून (धातूच्या नळीत वायरी दाबून), वर सीलबंद नळी चढवलेला जोड हवा. नुसती काळी टेप गुंडाळली तर मृगापासून चिखलपाणी उडत राहणार आणि गणपतीपर्यंत दिवा परत पेटणार.

त्याहून मोठा घोळ रंगांचा. बॉशच्या नेहमीच्या चार वायरींत दोन पांढऱ्या हीटरच्या (सेन्सर तापवणाऱ्या), काळी सिग्नलची, करडी सिग्नलच्या अर्थिंगची. डेन्सोच्या नेहमीच्या मांडणीत दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी अर्थिंगची. म्हणजे एकाची काळी सिग्नल, दुसऱ्याची काळी हीटर. रंगाला रंग जोडणाऱ्या मेस्त्रीने हीटरचे 12 व्होल्ट सिग्नलच्या वायरीत सोडले तर सेन्सरचा खर्च परवडला म्हणायची वेळ येईल, कारण पुढे ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बसलेला असतो. डबीतला वायरींचा तक्ता समोर ठेवूनच काम करून घ्या. आणि काप जुन्या सेन्सरच्या शेपटीला द्यायचा, गाडीच्या हार्नेसला (मूळ वायरिंगला) नाही. हार्नेस शाबूत राहिला तर उद्या कनेक्टरवाला घ्यायची वाट उघडी राहते.

पाच वायरींचा एअर-फ्युएल सेन्सर असेल तर युनिव्हर्सलचा विचारच सोडा, त्याची कामाची पद्धत वेगळी.

भंगारातल्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. हीटरवाला सेन्सर लाख-दीड लाख किलोमीटर चालतो, आणि भंगारात आलेली गाडी बहुधा तेवढी पळून आलेली असते. तिथून घ्यावी अशी एकच गोष्ट: तुमचा कनेक्टर तडकला असेल तर वीतभर वायरीसकट तसाच दुसरा कनेक्टर.

मात्र यातलं काहीही घेण्याआधी स्कॅनरवर कोड नीट वाचा. पी0135 म्हणजे पुढच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या आधीच्या) सेन्सरच्या हीटरचं सर्किट: आधी फ्यूज बघा, मग थंड इंजिनावर हीटरच्या दोन वायरींत मल्टिमीटर लावा. काही ओहम दिसले पाहिजेत. काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटलाय. पी0171 (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आला म्हणून लगेच सेन्सर बदलणं म्हणजे पैसे घालवणं. इनटेकचा पाइप फाटलेला असेल, सायलेन्सरचा जोड सेन्सरच्या आधी फुंकत असेल, तरी हाच कोड येतो. पी0420 वर मागचा (कन्व्हर्टरनंतरचा) सेन्सर विकणारे पुष्कळ भेटतील. तो कोड बहुतेक वेळा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थकल्याचा असतो. 2010 च्या आधीच्या गाडीत स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर बोलेलच असं नाही, तिथे चांगला स्कॅनर असलेलं गॅरेज गाठावं लागतं. सकाळी स्टार्ट करताना निळा धूर येत असेल तर आधी तेल जळणं थांबवा, नाहीतर नवा सेन्सरही काळा पडेल.

‘दिवा पेटू दे की, गाडी चालतीय’ म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण 14.7 भाग हवा लागते. 20 टक्के इथेनॉल मिसळलं की ती 13.5 च्या आसपास येते. जुनी गाडी पहिल्या आकड्यावर बसवलेली. हा फरक भरून काढायला ईसीएमला पुढच्या सेन्सरचाच आधार. आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल पंपावरून टाकीत येतंय, तेव्हा सेन्सर मेला की ईसीएम ठरीव हिशेबावर पेट्रोल सोडत बसतो. एमिशनच्या दाखल्यालाही अडतं: बीएस-4 पेट्रोल गाडीला आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्क्यांच्या आत लागतो.

बसवणं तसं अवघड नाही. बावीसचा पान्हा, आणि इंजिन कोमट असताना सोडवणं. जुनी गाडी असली की तो गंजून धरून बसलेला असतो. आदल्या रात्री रस्ट स्प्रे मारून ठेवा, पण नव्याच्या टोकाला किंवा कनेक्टरला तो लागू देऊ नका. नव्याच्या आट्यांवर बहुधा कंपनीनेच ग्रीस लावलेलं असतं, वरून आणखी थापू नका. सोडवताना मॅनिफोल्डचे (सेन्सर बसतो त्या इंजिनच्या धुराच्या पाइपाचे) आटेच निघून आले तर 18 एमएम, दीडच्या पिचचा, आटे पाडायचा टॅप फिरवून बघायचा. त्यानेही भागलं नाही तर मॅनिफोल्ड उतरवून उद्यमबागेत एखाद्या लेथवाल्याकडून बुश बसवून घ्या; नव्या मॅनिफोल्डचा भाव विचारायचा तो त्यानंतर.