पालापाचोळ्याचे 3,729 रुपये

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, घरचे हसून मोकळे झालेत. मी घरी डब्यांत आयसोपॉड (पाला खाणारे चिमुकले, बऱ्याच पायांचे जीव) आणि वाणी (पैसा किडे) पाळतो. त्यांच्यासाठी मागवलेल्या 2 किलो बदामाच्या पाल्याचे 2,850, कुरिअरचे 380, वर 'रिव्हर्स पिकअप'चे 499.

"पाला फुकट मिळतो की!" म्हणणाऱ्यांनी आमच्या सोसायटीत यावं. डासांसाठी धूरफवारणी, झाडांच्या बुंध्याला वाळवीचं औषध. आयसोपॉड हे खेकड्याच्या नात्यातले, कीटकनाशकाचा अंशही त्यांना मरायला पुरतो. वाणी तर कुजक्या पाल्यावरच जगतात. म्हणून 'जंगलातला, धुऊन वाळवलेला' पाला मागवला. तोही आधी 249 चं सँपल घेऊन. सँपल एक नंबर होतं. सँपल झकास, माल भिकार, हा धंदा तुम्हाला माहीतच आहे.

पोतं उघडलं तर वरची पानं छान तपकिरी. एक उलटं करून पाहिलं, मधल्या शिरेलगत पांढरट भुकटी. बोटाने पुसली आणि बोट पँटला पुसलं. तिथेच थांबायला हवं होतं! पण 'धुतलेली' पानं म्हटल्यावर बोअरच्या पाण्याचे क्षार, हेच कोणाच्याही डोक्यात आलं असतं. आमच्या बादलीवर अगदी तस्साच थर बसतो. दोन मुठी आयसोपॉडच्या डब्यात टाकल्या. सकाळी सगळे उताणे, पिल्लांसकट. नवा पाला आला की आधी चार-पाचच आयसोपॉड वेगळ्या डब्यात ठेवून बघा. वाणी वाचले, कारण त्यांच्याकडे जुना पाला शिल्लक होता.

मग पोतं पालथं केलं. खाली कडुनिंब, निलगिरी, सुरूच्या काड्या आणि हिरवट वाळलेली बदामाची पानं. बदामाचं पान गळण्याआधी लाल होतं. हिरवट वाळलेलं म्हणजे झाडावरून ओरबाडलेलं. पोत्याच्या तळाचा फोटो मागत जा.

विकणारा गोड बोलला, "दादा, बदलून देतो, फक्त पिकअपचे भरा." क्यूआर स्कॅन केला तर भलत्याच बाईचं नाव. "मामीचं खातं आहे." 3,230 अडकलेले असताना माणूस 499 भरतोच. लगेच ब्लॉक.

पोलीस ठाण्यात साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "किडे पाळायला परवानगी आहे का?" दुसरा, "पाल्याला पैसे कोण देतं?" माल मिळाला म्हणजे फसवणूक नाही, म्हणे! मग 499 कसले? अर्ज लिहून नेला तर 'सायबरला जा', सायबरला गेलो तर 'रक्कम किरकोळ आहे, ठाण्यातच द्या'. शेवटी 'ग्राहक आयोगात जा'. आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, ते मलाही ठाऊक आहे. पण समोरच्याचा पत्ता कुठून आणू? पार्सलवर नुसता पिनकोड. तो शोधणं कुणाचं काम, माझं? पैसे गेल्या गेल्या 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, माझ्यासारखे पिकअपची वाट बघत बसू नका.

त्याच्या जाहिरातीतला तोच फोटो आता नव्या नावाने फिरतोय, दर 3,100. डाव्या कोपऱ्यात निळं टोपलं आहे. दिसलं तर पैसे भरू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा.